डाव्या मागच्या चाकाचा शत्रू

आदरणीय दाजींस,

मेहुण्याचा नमस्कार. दोन्ही हातांनी केलेला आहे, कारण आज गाडी शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे आणि स्टिअरिंग धरायचं काम नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही ‘आता बरी आहे’ असं लिहिलं होतंत, पण त्यातलं ‘बरी’ हे बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा घाईत उमटलेलं दिसलं. मी ते भिंगाखाली धरून बघितलं (भिंग डॉक्टरीणबाईंचं, दात बघायचं). काही लपवत असाल तर लपवू नका. इकडे सगळे ठीक आहेत, निदान तसं सगळे सांगतात.

हे वाचताय त्याअर्थी पाकीट उघडलंत. कशाने उघडलंत ते उलट टपाली कळवा. नुसत्या बोटाने उघडलं असेल तर वाटेत कुणीतरी आधीच उघडलं होतं असं समजा, कारण मी ते दातात भरायच्या सिमेंटने चिकटवणार आहे आणि ते पटाशीशिवाय निघत नाही. फोन का केला नाही असं म्हणाल. फोनवर बोलण्यासारखं हे नाही. शेडच्या भिंती पत्र्याच्या आहेत, आणि पत्र्यापलीकडे नर्सबाई विणत बसलेल्या असतात. विणणाऱ्या माणसाचे हात गुंतलेले असतात, कान नाही.

आता मूळ प्रकरण. तुम्हाला थोडंफार माहीत आहे, पण परत पहिल्यापासून सांगतो. पुढेमागे हे पत्र पुरावा म्हणून लागलं तर त्यात सगळं असावं. मी चालवतो ती गाडी म्हणजे चाकांवरचा दाताचा दवाखाना. पुढे केबिन, मागे पेटीसारखी खोली, तिच्यात खुर्ची, दिवा, गुळण्या टाकायचं भांडं आणि भिंतीला बारीक खणांचं कपाट. खुर्ची सपाट राहावी म्हणून मागच्या चाकांवर स्प्रिंगच्या पाट्यांऐवजी हवेचे फुगे आहेत, आणि फुग्यात किती हवा ठेवायची हे ठरवायला प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर आहे. सेन्सर म्हणजे काड्यापेटीएवढी प्लास्टिकची डबी, तिला करंगळीएवढी दांडी, आणि दांडीचं दुसरं टोक ॲक्सलला. चाक वर गेलं की दांडी वर, चाक खाली आलं की दांडी खाली, आणि डबी ते सगळं जाऊन गाडीच्या कॉम्प्युटरला सांगते. (घरातही असं एखादं माणूस असतं. नाव घेत नाही.) दांडी मोडली की कॉम्प्युटरला वाटतं गाडी आभाळाला टेकली. मग तो त्या कोपऱ्यातली हवा सोडून देतो, गाडी एका अंगावर बसकण मारते, लाल दिवा लागतो आणि वेग इतका उतरतो की पायी चालणारे ओलांडून जातात, वर मागे वळून बघतात. एवढ्या मोठ्या गाडीने एवढ्याशा डबीच्या शब्दावर चालावं हेच मला पहिल्या दिवसापासून खटकत आलंय.

आमचा शेवटचा थांबा म्हणजे डोंगरावरची वस्ती. पंधरा दिवसांनी एकदा, सोमवारी. रस्ता नावाला रस्ता आहे. खाली सगळी सुटी खडी. वस्तीत एक शेळ्या राखणारे आजोबा आहेत. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे वरचे उरलेले पाच दात काढले, हिरड्या भरून आल्यावर माप घेतलं आणि पुढच्या खेपेला वरची कवळी बसवू असं सांगितलं. कवळी तयार झाली. तेव्हापासून, म्हणजे गेले दोन महिने, ती माझ्या पाठीमागच्या कपाटात तिसऱ्या खणात डबीत पडून आहे आणि प्रत्येक खड्ड्याला खुळखुळते. मला केबिनमध्ये ऐकू येते. दुसऱ्याचे दात आपल्या पाठीमागे वाजत असताना गाडी चालवणं हे काय असतं ते तुम्हाला वर्कशॉपमध्ये राहून कळायचं नाही, दाजी.

ताई म्हणेल, एवढं काय, डबी कुणाच्या तरी हाती वर पाठवून द्यावी. मीही हेच विचारलं होतं. कवळी म्हणजे चप्पल नव्हे, असं उत्तर मिळालं. ती तोंडात बसवून, चावायला लावून, काढून, घासून, परत बसवावी लागते. त्याला मशीन लागतं, आणि मशीन तोंडात असताना खुर्ची कलून चालत नाही. बरं, आजोबांना खाली आणावं तर शेळ्या कुणाच्या भरवशावर सोडणार? त्या शेळ्या फक्त आजोबांच्या शिट्टीवर चालतात. ती शिट्टी दोन बोटं आणि वरचे पुढचे दात यांच्यातून निघायची, आणि दात आम्ही काढून घेतले. आजोबांनी हाका मारून बघितल्या, डबा बडवून बघितला, विकतची शिट्टी आणून फुंकली. शेळ्या मान वर करून बघतात आणि परत चरायला लागतात. (मला त्यांचं कौतुक आहे. खात्री पटल्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही हा गुण आता माणसांतही राहिला नाही.) तेव्हा शेळ्या दिवसभर वाटेल तिथे चढतात आणि सत्तरीचा माणूस भिजवलेल्या तुकड्यांवर दिवस काढत त्यांच्यामागे फिरतो. हे सगळं सेन्सरच्या एका डबीपायी. मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की मी कुणी केलं ते शोधायला लागतो, हा माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

पहिला सेन्सर फुटला तेव्हा मी कुणावर संशय घेतला नव्हता. (थोडा घेतला होता, पण बोललो नव्हतो.) चाकाने खडी उडवली, एक टोकदार दगड सरळ डबीवर बसला, तुकडे रस्त्यावर सापडले. तेव्हाच मी तुम्हाला लिहिलं आणि तुम्ही आठ दिवसांत नकाशा काढून पाठवलात: पत्र्याचं कवच, पुढून तिरकं, खालून बंद, वर दांडी हलायला फट. शिवाय वायर रबरी नळीतून घ्यायची, चाकापुढे जुन्या टायरचा पडदा टांगायचा, आणि प्रत्येक खेपेनंतर खाली वाकून बघायचं. इतकी वर्षं फोरमन म्हणून काढलेल्या माणसाचा नकाशा तो. मी कवच तंतोतंत त्याप्रमाणे बनवून घेतलं (एकदोन बारीक गोष्टी सोडून, त्यांचा इथे संबंध नाही). इतकंच नाही, बोल्टांची डोकी कानशीने घासून अशी करून ठेवली की माझ्याकडच्या एका पान्याशिवाय ते कुणाला उघडता येऊ नये. तो पाना मी गळ्यात घालतो. आंघोळीच्या वेळी साबणाच्या डबीत ठेवतो.

आणि पंधरा दिवसांनी, वस्तीच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावर, लाल दिवा. गाडी डावीकडे बसली. मी गळ्यातला पाना काढून कवच उघडलं, दाजी. आत खडी होती. एकदोन खडे नव्हेत, चांगली ओंजळभर खडी, चिखलात कालवून दाबून बसवल्यासारखी, आणि तिच्यात दांडी मोडून पडलेली. आता तुम्हीच विचार करा. पुढून पत्रा, मागून पत्रा, खालून पत्रा. एवढंसंसुद्धा भोक मी कुठे ठेवलेलं नाही. मग खडी आत शिरली कशी? एकच वाट उरते, वरची फट. आणि फटीतून खडी आपणहून चढून जात नाही, तिला कुणीतरी उचलून घालावं लागतं. म्हणजे माणसाचा हात. मी तिथेच रस्त्यावर बसून फट मोजली. चार बोटं जेमतेम जातील एवढी होती.

तुम्ही म्हणाल कवच नव्हतं तेव्हा आठ महिन्यांत एक सेन्सर गेला आणि कवच बसवल्यावर पंधरा दिवसांत दुसरा, याचा काहीतरी अर्थ असला पाहिजे. अर्थ आहेच. शत्रूला कवच दिसलं. त्याला कळलं की आपल्यावर कुणाची तरी नजर आहे, आणि तो चवताळला.

तेव्हापासून मी भेटेल त्याचा हात हातात घेऊ लागलो. नुसता नमस्कार केला तर माप मिळत नाही. शेडचा पहारेकरी, पेट्रोलपंपावरचा माणूस, औषधांची खोकी आणून देणारे गृहस्थ, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि घरी येऊन आकडे वहीत उतरवले. लोकांना वाटलं मला कसलं तरी बक्षीस लागलं. मिस्त्रींचा हात फावड्याएवढा. तो फटीत जाणं शक्यच नाही. पण मिस्त्री हे मिस्त्री. सेन्सर तेच बसवतात, तुटला की तेच मागवतात, आणि तुटलेला पाहून ‘अरेरे’ म्हणतात ते जरा लवकर म्हणतात. हात मोठा असला म्हणून काय झालं? ते चमचा वापरू शकतात. दहा वर्षं आम्ही दोघं चार वाजता शेडच्या पायरीवर एकत्र चहा घेत आलो होतो. तो मी बंद केला. त्यांनी पहिले दोन दिवस माझा कप भरून पायरीवर ठेवला, तिसऱ्या दिवशी ठेवला नाही. खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी मला बरं वाटलं नाही, पण तपास चालू असताना असल्या गोष्टी मनाला लावून घेऊन भागत नाही.

उरल्या नर्सबाई. बोटं लांब, सडपातळ, विणकामाने तयार झालेली, आणि फटीत सहज जातील अशी. हे मी त्यांच्या हातमोज्यावरून काढलं. कपाटातला एक हातमोजा घेऊन फटीत घालून बघितला आणि तो गेला. (डॉक्टरीणबाईंचाही गेला. पण त्यांच्यावर संशय घेतला तर गाडी कुणाची चालवायची?) नर्सबाईंना वरची खेप आवडत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. वळणं आली की त्यांना उलटी होते. खेप बंद झाली तर फायदा कुणाचा? मी काही आरोप करत नाही. मी फक्त लिहून ठेवतो.

तिसऱ्या खेपेला मी जय्यत तयारी केली होती. नवा सेन्सर, कवच पुसूनबिसून लख्ख, आणि निघण्याआधी अर्धा तास गाडीखाली पहारा. वेग इतका कमी ठेवला की नर्सबाईंना उलटीसुद्धा झाली नाही. आजोबांना निरोप गेलेला होता. ते वस्तीवरून चालत त्या शेवटच्या वळणापर्यंत आले होते, धुतलेला सदरा घालून, दाढी करून. वळणाच्या वरच्या उतारावर त्यांच्या शेळ्या पसरल्या होत्या, आणि त्यांच्या खुरांखालून खडी घरंगळत रस्त्यावर येत होती. मी त्या खडीवर चढलो, आणि आजोबांपासून पन्नास पावलांवर लाल दिवा लागला. गाडी बसली. आजोबा धावत आले, आपणहून पायऱ्या चढून आत गेले आणि त्या तिरक्या खुर्चीत, एका हाताने खिडकीची कड धरून, तोंड उघडून बसले. डॉक्टरीणबाईंनी मशीन हातात घेतलं, खुर्चीकडे बघितलं आणि मशीन परत ठेवलं. असं नाही करता येणार, लागेल तुम्हाला, एवढंच म्हणाल्या. आजोबांनी तोंड मिटलं. डबी मागितली, उघडून कवळी नुसती बघितली, तळव्यावर घेऊन तिचे दात मोजले आणि परत दिली. जाताना माझ्याकडे पाहून हसले. वरचे दात नसलेला माणूस हसतो तेव्हा नेमका कशाला हसतो ते कळत नाही, म्हणून मी वहीत त्यांचंही नाव घातलं. शेळ्या त्यांच्या, खडी त्या पाडतात. पण ते नाव लिहिताना पेन जरा अडलं, हे तुमच्यापासून लपवत नाही.

खाली आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. (चढवला असता तर बरं झालं असतं, शांत बोलणारी माणसं काय ठरवून बसली आहेत ते कळत नाही.) आता एकच खेप. गाडी वर पोचली नाही तर वस्ती यादीतून काढावी लागेल, गाडी सपाटीवरच फिरेल, आणि सपाटीवर चालवायला दुसरा माणूस मुख्य कार्यालय देणार आहे. मी मान डोलावली. नोकरी जाईल याची भीती वाटली, हे आहेच. पण त्याहून जास्त मला तो तिसरा खण दिसत होता.

मग मी सापळा लावायचं ठरवलं. दाताचं माप घेतल्यावर ठसा ओतायला एक पांढरी पूड असते. पाण्यात कालवली की घट्ट होते, कोरडी असेल तर पिठासारखी. बुधवारी दुपारी नर्सबाई जेवायला गेल्या तेव्हा मी त्यातली चांगली दोन भांडी पूड घेतली आणि फटीतून कवचात सोडली, काठावरही भुरभुरली. जो हात घालेल त्याची बोटं पांढरी होणार, आणि मी सगळ्यांचे हात रोज बघतच होतो. इतका सोपा सापळा मला आधी का सुचला नाही याचंच नवल वाटलं. गुरुवारी सबंध दिवस मी शेडच्या कोपऱ्यात टायरांमागे बसून डोळ्यांत तेल घालून पहारा केला. कुणी गाडीजवळ फिरकलं नाही. चार वाजता मिस्त्री पायरीवर एकटेच चहा पीत बसलेले दिसले. संध्याकाळी, बसून बसून पाय आखडले म्हणून, मी उठलो आणि गाडी धुतली. नळीने, भरपूर पाण्याने, खालूनसुद्धा. गाडी धुण्याचं काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही, त्यामुळे या एका बाबतीत संशयित फार थोडे उरतात.

काल सकाळी गाडी चालू केली. रात्रभर बसलेली गाडी चालू केल्यावर फुग्यात हवा भरून सगळ्या अंगानिशी वर उठते. ती उठू लागली, डावीकडून ‘कट्’ असा आवाज आला, आणि लाल दिवा. शेडच्या दारातसुद्धा पोचलो नव्हतो. डॉक्टरीणबाई, नर्सबाई आणि मिस्त्री तिघंही तिथेच उभे होते आणि तिघांचेही हात स्वच्छ होते. माझेच काय ते पांढरे होते, कारण मी घाईघाईने कवच उघडलं आणि आतून एक अखंड पांढरा गोळा निघून माझ्या हातात आला. कवचाच्या आतल्या बाजूचा तंतोतंत ठसा, आणि त्याच्यातून मोडलेली दांडी वर आलेली. नर्सबाईंनी आधी गोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, “तरीच म्हटलं पूड कुठे गेली. दोन दिवस मी मिस्त्रींवर संशय घेत होते.” मिस्त्री म्हणाले, “माझ्यावर तर हल्ली सगळेच घेतात.” आणि पायरीकडे निघून गेले.

डॉक्टरीणबाईंनी तो गोळा माझ्या हातून घेतला, उजेडात धरला, आणि दाताच्या ठशाकडे बघतात तसा सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. मग चिमटा घेऊन तळाची खडी एकेक करून उकरू लागल्या. खाली बारीक, तिच्यावर जाड, मधे चिखलाचे थर. दोन खेपांनंतर मी कवच फडक्याने पुसलं होतं, पण तळाच्या कोपऱ्यात काही राहिलं होतं आणि ते दगड होऊन बसलं होतं. त्या मला म्हणाल्या, “हे कुणी घातलेलं नाही. वरून उडून पडलेलं आहे, आणि बाहेर जायला वाटच नाही म्हणून साचलंय. दातात पोकळी पडली की अन्न अडकतं, अडकलेलं सडतं. तेच आहे हे.” मग कवच हातात घेऊन त्याच्या तळावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “खाली भोकं कशी नाहीत? नकाशा कुणाचा?” मी तुमचं नाव घेतलं. आदरानेच घेतलं.

तर अशी एकंदर परिस्थिती आहे. शत्रू नव्हता असं म्हणतात. मी अजून पूर्ण मान्य केलेलं नाही, पण वहीतली नावं खोडली आहेत. सोमवारी शेवटची खेप. मिस्त्रींनी नवा सेन्सर बसवायचं कबूल केलं आहे, माझ्याकडे न बघता. तुम्ही गुडघ्याला शेक देत चला, ताईला थंड पाणी पिऊ देऊ नका, आणि ती नको म्हणाली तर ती का नको म्हणते याचा विचार करा.

तुमचा मेहुणा

ता. क. हे पत्र ताईला दाखवू नका. दाखवायचंच असेल तर हातमोज्याचा भाग झाकून दाखवा.

ता. क. दुसरा. आता खरं कारण लिहितो, त्यासाठीच एवढं लिहिलं. तुमच्या नकाशात कवचाच्या तळाला तीन भोकं होती. शेजारी बाण काढून ‘पाणी, खडी निघून जायला’ असं स्वच्छ लिहिलेलंही होतं. मी ती पाडली नाहीत. का पाडली नाहीत, तर अकरा वर्षांपूर्वी तुमच्या नव्या घरी आलो तेव्हा मी ट्रक मागे घेताना तुमची स्कूटर भिंतीशी चपटी केली होती. तुम्ही त्या वेळी एक शब्द बोलला नाहीत. चहा दिलात, वर साखर किती घालू असं विचारलंत. स्कूटर चपटी झाल्यावर जो माणूस साखर विचारतो त्याच्या मनात काय असेल, हा प्रश्न मला अकरा वर्षं पडलेला आहे. नकाशातली भोकं बघितली आणि मनात पाल चुकचुकली. म्हटलं, निघालं. खडीपासून वाचवायच्या कवचाला भोकं पाडा असं सांगून हे गृहस्थ आता उट्टं काढतायत. म्हणून मी सगळं बंद करून टाकलं. काल मात्र डॉक्टरीणबाईंना मी सांगून बसलो की भोकं नकाशातच नव्हती. त्यांना मुख्य कार्यालयाला कारण कळवायचं आहे आणि त्या नकाशा मागतायत. तरी कृपा करून एक नवा नकाशा काढून पाठवा, भोकांशिवायचा, तुमच्याच अक्षरात, तारीख दीड महिन्यापूर्वीची घालून. वर चहाच्या कपाचा डाग पाडलात तर जुना दिसेल. तुमचं निवृत्तीनंतर काही बिघडणार नाही. माझी मात्र गाडी जाते.

ता. क. तिसरा, मंगळवारी लिहितोय. पत्र शनिवारी टाकलंच नाही. टपालपेटीचं कुलूप मला हलकं वाटलं. आज पाकीट पटाशीने फोडलं आणि हे खाली लिहितो आहे. रविवारी मी शेडवर गेलो, गळ्यातला पाना मिस्त्रींपुढे ठेवला आणि तुमचा खरा नकाशा उलगडून दाखवला. त्यांनी बाण बघितला, त्याखालचं वाचलं, मग मला बघितलं. ड्रिल काढलं आणि तीन भोकं पाडली. चार वाजता पायरीवर दोन कप होते. काल वळणावर शेळ्या होत्याच, खडीही होती. चाकाखाली तडतड वाजत होती, कवचावर आपटत होती, आणि मिस्त्री माझ्या शेजारी बसून खिडकीतून मान काढून सांगत होते की खालून पडतेय, पडतेय, पडू द्या. लाल दिवा लागला नाही. गाडी वस्तीत जाऊन सपाट उभी राहिली. आजोबा खुर्चीत दीड तास होते. डॉक्टरीणबाईंनी घासलं, बसवलं, काढलं, परत घासलं. मग आजोबा बाहेर आले, पायरीवर उभे राहिले, दोन बोटं तोंडात घातली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती शिट्टी निघाली, दाजी. उतारावरच्या सगळ्या शेळ्यांनी एकदम माना वर केल्या आणि खाली धावत सुटल्या. नर्सबाई रडल्या. मी डोळ्यांत खडी गेली असं सांगितलं, आणि मिस्त्री म्हणाले, असेल, आज सुटी खडी फार आहे. खाली आल्यावर नकाशा डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला, तीन भोकं आणि बाणासकट, आणि मी काय केलं होतं तेही सांगितलं. गाडी काढून घेतात की ठेवतात ते अजून कळलेलं नाही. दुसरा ताजा कलम रद्द समजा.

ता. क. चौथा. पाकीट या वेळी नुसतं दुमडलेलं आहे, चिकटवलेलं नाही, आणि टपालात टाकायला नर्सबाईंकडे दिलंय. स्कूटरबद्दल माफ करा. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मीही बोललो नाही. उत्तरात बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल, पण त्या दिवशी रागावला होतात का, एवढं लिहा. नव्हतो म्हणालात तर मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करीन.